जंतू दबला, की गेला?

प्रश्न इस्लामपूरजवळच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: मिस्टर ४६ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी एंडोस्कोपीत जठराला सूज आणि एच. पायलोरी या जंतूचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन या अ‍ॅन्टिबायोटिकांचा १४ दिवसांचा कोर्स दिला. पाचव्या दिवशी जुलाब लागले, तोंड कडूजहर झालं, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. मग भाच्याने प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवंत सूक्ष्मजीव) आणि ज्येष्ठमध-हळद-कलौंजीच्या अर्काची कॅप्सूल अशी जोडी सुरू करून दिली. ती सहा आठवडे झाली, अजून चालू आहे, आम्ल कमी करणारी सकाळची पॅन्टोप्राझोलही चालू आहे. गेल्या आठवड्यात शौचाची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. 'जंतू गेला असं समजायचं का? अ‍ॅन्टिबायोटिकशिवाय जमत असेल तर मुलांनाही हेच देऊ का?'

ताई, आधी सरळ उत्तर देतो. गेला असं अजून समजू नका. मुलांना काहीही देऊ नका. भाच्याने केलं ते अगदीच वेडेपणाचं नाही, पण उपचारही अर्धा राहिला आणि तपासणीही बिघडली. आता कारणं.

तुमच्याकडे शेती असेल तर हरळी माहीत असेलच. खुरप्याने वरून कापली की वावर चार दिवस स्वच्छ दिसतं. एच. पायलोरीचं तसंच आहे. हा जंतू जठराच्या पोकळीत तरंगत नसतो. जठराच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, त्याच्या खाली तो शेपट्यांच्या जोरावर शिरतो आणि भिंतीला चिकटून बसतो. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. त्याने तो युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून टाकतो. ज्या आम्लात बाकीचे जंतू टिकत नाहीत तिथे हा वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या घरात लागतो, आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो. त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. काहींना अल्सर होतो, आणि थोड्यांना कर्करोग. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे.

त्याचा शोधही गमतीशीर आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल प्रयोगशाळेत तो वाढवायचा प्रयत्न करत होते. दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशी फेकून द्यायची अशी पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी आली, बशा तशाच राहिल्या, आणि परत येऊन बघतात तर जंतू वाढलेला. कोणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं पाणी प्यायले आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. सांगायचं कारण, हा जंतू तेव्हाही सावकाश होता आणि आजही आहे. त्याला घालवायलाही तितकाच वेळ द्यावा लागतो.

आता तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टकडे येऊ. शौचातली तपासणी आणि फुंकरीची तपासणी, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, दोन्ही जंतूंच्या संख्येवर चालतात. संख्या एका मर्यादेखाली गेली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो, जंतू जिवंत असला तरी. पॅन्टोप्राझोल आणि त्याच्या भावंडांनी ही संख्या खाली जाते. म्हणून तपासणीआधी ती किमान दोन आठवडे बंद ठेवायची असतात. अ‍ॅन्टिबायोटिक आणि बिस्मथ (याच जंतूवरच्या उपचारातलं आणखी एक औषध) चार आठवडे. ज्येष्ठमध, हळद यांच्या अर्कांचं कुठल्याच प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेलं नसतं, पण जो पदार्थ जंतू दाबतो तो तपासणीलाही फसवतो, हा साधा हिशेब आहे. मी माझ्या रुग्णांना तेही चार आठवडे बंद करायला लावतो. तुमच्या मिस्टरांची तपासणी पॅन्टोप्राझोल आणि कॅप्सूल दोन्ही चालू असताना झाली. तो रिपोर्ट फाईलमध्ये ठेवा, त्यावर भरवसा ठेवू नका.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. तुमच्या भाच्याने केला तसाच प्रयोग चिलीमध्ये मुलांवर रीतसर झालेला आहे, २००८ मध्ये तो छापून आला. लक्षणं नसलेली, पण जंतू असलेली २९५ मुलं. काहींना क्रॅनबेरीचा रस, काहींना जॉन्सोनी जातीचा जिवंत लॅक्टोबॅसिलस हा प्रोबायोटिक, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्हींची नुसती नक्कल. तीन आठवड्यांनी फुंकरीची तपासणी केली. नक्कल घेतलेल्या गटात दीड टक्का मुलं निगेटिव्ह, नुसत्या लॅक्टोबॅसिलसच्या गटात सुमारे १५ टक्के, नुसत्या रसाच्या गटात सुमारे १७, आणि दोन्ही घेतलेल्यांत सुमारे २३ टक्के.

ऐकायला छान वाटतं. पण दोन गोष्टी आहेत. एक, दोन्ही एकत्र दिल्याने एकमेकांना बळ मिळालं, असं संशोधकांना म्हणता आलं नाही. प्रत्येक गोष्ट थोडंफार करत होती, बेरजेपलीकडे काही नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निगेटिव्ह आलेल्या मुलांपैकी १९ जणांची महिनाभर सगळं बंद ठेवून पुन्हा तपासणी केली. त्यातल्या ८० टक्के मुलांच्या पोटात जंतू परत दिसला. परत कुठून आला? तो गेलाच नव्हता. हरळी कापली होती, मुळं तशीच होती.

जपानमध्ये ब्रोकोलीच्या मोडांचं असंच झालं. रोज ७० ग्रॅम, आठ आठवडे. जंतूंचं प्रमाण दाखवणारे आकडे खाली आले, मोड खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत पुन्हा होते तिथे गेले. म्हणून कोणी मला 'अमुक अर्काने निगेटिव्ह आलं' असं सांगितलं की मी एकच विचारतो: औषध बंद केल्यावर किती दिवसांनी तपासलं?

आपल्याकडच्या ज्येष्ठमधालाही हाच प्रश्न लागू आहे. बंगळुरूला शंभरेक लोकांवर एक चाचणी झाली. ज्येष्ठमधाचा अर्क रोज १५० मिलिग्रॅम, ६० दिवस. अर्क घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक निगेटिव्ह आले, नकली गोळीवाल्यांत जवळपास कोणीच नाही. या सगळ्या वनस्पतींमध्ये ज्येष्ठमधाकडे मी म्हणूनच जरा आदराने बघतो. पण तपासणी झाली ती ६० व्या दिवशी, अर्क पोटात असतानाच. नंतरच्या महिन्याचं काय, हे त्यात नाही.

हळदीबद्दल मात्र मन कठोर करायला हवं. आपल्या घरातली म्हणून तिच्यावर जीव असतो, माझाही आहे. काचेच्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन जंतू मारतं, यात शंका नाही. पण बशीत व्हिनेगरही मारतं. जठर दोन-तीन तासांत रिकामं होतं, कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि जंतू थराखाली. इटलीत कर्क्युमिन, लॅक्टोफेरिन, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि पॅन्टोप्राझोल असा चौघांचा मेळ सात दिवस देऊन बघितला. २५ पैकी तिघांचा जंतू गेला. थायलंडमध्ये नुसत्या कर्क्युमिनने साधारण सहा टक्के, आणि शेजारच्या गटात अ‍ॅन्टिबायोटिकने ७९ टक्के. लसणाचं तर अमेरिकेतल्या संशोधकांनी सरळ जेवणातच तपासलं: कापलेल्या लसणाच्या १० पाकळ्या एका जेवणात, दुसऱ्या वेळी सहा हिरव्या हालापेन्यो मिरच्या, तिसऱ्या वेळी बिस्मथ. जंतूवर फरक फक्त बिस्मथने पडला. कोल्हापूरकडच्या माझ्या एका रुग्णाचं म्हणणं होतं की आमच्या तिखटात कुठला जंतू टिकतो! टिकतो हो. त्याच्या बायोप्सीत भरपूर होता.

कलौंजीचं सौदी अरेबियातलं काम जरा बरं आहे. रोज दोन ग्रॅम कलौंजी आणि ओमेप्राझोल घेऊन सुमारे ६७ टक्क्यांचा जंतू गेला, अ‍ॅन्टिबायोटिकच्या गटात सुमारे ८३ टक्क्यांचा. चाचणी लहान, ८८ जणांची. तेवढ्यावर मी कोणाला अ‍ॅन्टिबायोटिक सोडायला सांगणार नाही. दारुहळदीतल्या बर्बेरिनवर चीनमध्ये मोठं काम झालंय, आणि तिथे ते बिस्मथच्या तोडीचं ठरलं. पण लक्षात घ्या, दोन अ‍ॅन्टिबायोटिक आणि आम्लरोधक यांच्या सोबत, बिस्मथच्या जागी. एकटं नाही. माझ्या मते वनौषधींची खरी जागा हीच आहे. पंगतीत त्यांना पान मिळावं, पण यजमानपण त्यांच्याकडे नको.

का नको, त्याचं एक कारण फारसं सांगितलं जात नाही. अ‍ॅन्टिबायोटिक वाढणाऱ्या, विभागणाऱ्या जंतूंना मारतं. आम्ल जास्त असलं की हा जंतू वाढायचा थांबतो आणि नुसता टिकून राहतो. म्हणून उपचारात आम्ल बंद करणारी गोळी दिवसातून दोनदा, जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. ती अ‍ॅसिडिटीसाठी नसते, जंतूला बेसावध करण्यासाठी असते. बरेच रुग्ण 'मला जळजळ नाही' म्हणून नेमकी तीच सोडतात.

आता प्रोबायोटिक. १५-१६ वर्षांपूर्वी मी ते लिहितच नव्हतो, पैसे पाण्यात म्हणायचो. मत बदललं ते सॅकरोमायसिस बोलार्डीमुळे. हे जंतू नाही, यीस्ट आहे. आंरी बुलार नावाच्या फ्रेंच माणसाला ते १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं. यीस्ट असल्याने अ‍ॅन्टिबायोटिकने ते मरत नाही, हा त्याचा मोठा फायदा. ११ चाचण्या आणि सुमारे २,२०० रुग्ण एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला: नेहमीच्या तिहेरी उपचाराने (दोन अ‍ॅन्टिबायोटिक आणि आम्लरोधक) ७१ टक्के, त्यात बोलार्डी घातल्यावर ८० टक्के यश. आणि जुलाबासारखे त्रास साधारण निम्मे.

या आकड्यांकडे मी जरा तिरकस बघतो. आज आपण ९० टक्क्यांच्या वर यश मागतो. ७१ चं ८० होणं म्हणजे कच्च्या भिंतीला टेकू. भिंतच पक्की बांधली तर टेकूची गरज किती? म्हणूनच तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. युरोपातल्या २०२२ च्या मार्गदर्शनात काही प्रोबायोटिकांनी त्रास कमी होतो असं मान्य केलंय, अमेरिकेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात पुरावा पुरेसा नाही म्हणून ती सुचवलेली नाहीत. माझं मत दोन्हींच्या मधलं. जंतू मारण्यासाठी मी प्रोबायोटिक देत नाही. एकट्या प्रोबायोटिकने शंभरात दहा-पंधरांच्या पुढे मजल जात नाही. मी ते देतो रुग्णाने पाचव्या दिवशी गोळ्या फेकू नयेत म्हणून. तुमच्या मिस्टरांना ते पहिल्या दिवशी मिळालं असतं तर कदाचित हा प्रश्नच आला नसता.

अर्धवट सोडलेल्या कोर्सची किंमत मोठी असते. पाच दिवसांत कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तातडीने नवी औषधं हवी असलेल्या जंतूंच्या यादीत घातलं होतं. आपल्याकडे मेट्रोनिडाझोललाही तो मोठ्या प्रमाणात सरावलाय. तेव्हा तुमच्या मिस्टरांना तेच औषध पुन्हा देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डॉक्टरांनी बहुधा बिस्मथवाला चौपदरी उपचार निवडावा: आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, पूर्ण १४ दिवस. मेट्रोनिडाझोलला सरावलेला जंतूसुद्धा पूर्ण डोस आणि बिस्मथची जोड असली की बहुधा नमतो. गोळ्या खूप होतात, दिवसातून चार वेळा घ्याव्या लागतात, तोंडाला तांब्याची चव येते. बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते, त्याला घाबरायचं नाही.

पण आधी जंतू आहे की नाही हे नीट कळू दे. मी सांगितलं असतं ते असं. कॅप्सूल आजपासून बंद. महिनाभरानंतरची तारीख घ्या, आणि त्या तारखेच्या दोन आठवडे आधी पॅन्टोप्राझोल बंद करा. मधे जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड चालेल. त्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पॅन्टोप्राझोल स्वतःच्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. मग फुंकरीची तपासणी. रक्तातल्या अ‍ॅन्टिबॉडीची तपासणी करू नका, जंतू गेल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते.

पॉझिटिव्ह आली आणि कोर्स सुरू झाला, तर बोलार्डी २५० मिलिग्रॅम दोनदा, पहिल्या दिवसापासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहून घ्या. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे त्यांना हे यीस्ट रक्तात जाऊन त्रास देऊ शकतं, त्यांनी अजिबात नको. बोलार्डीऐवजी लॅक्टोबॅसिलस असेल तर अ‍ॅन्टिबायोटिकनंतर दोन-तीन तासांनी, नाहीतर एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने फवारायचं असं होतं.

दही-ताकाचं सगळे विचारतात. जरूर घ्या, पण टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास नाही. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला पोटातच बांधून ठेवतं, लोहाच्या गोळ्याही तसंच करतात. म्हणजे जेवणानंतर लगेच गोळी असेल तर दुपारचं ताक साडेचारला. रुग्ण हसतात, पण मी चिठ्ठीवर वेळ लिहून देतो.

वनौषधी त्या १४ दिवसांत नकोत. फोडणीतली हळद, लसूण, आलं चालेल, अर्क आणि काढे नकोत. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन शरीरातलं पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे पाय लटपटतात म्हणून आले होते. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी आणि वर अल्सरसाठी रोज दोन चमचे ज्येष्ठमध पावडर. पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेलेलं. अशा माणसाला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते. आणि त्यांनी पावडरचं सांगितलं ते जाता जाता, दारात चपला घालताना! ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, निदान डॉक्टरकडे तरी.

अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असतं, ते रेचक आहे. अ‍ॅन्टिबायोटिकने आधीच पोट सैल असताना ते कशाला? आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, मेट्रोनिडाझोल चालू असताना मी ती टाळायला सांगतो. सूतशेखरात पारा-गंधकाची कज्जली असते, ते वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. आणि यकृताचं विसरू नका. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीचा दोष मान्य केला नाही, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही, पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेऊन डोळे पिवळे झालेल्यांच्या नोंदी अमेरिकेतूनही आल्या आहेत. मिरी शोषण वाढवते म्हणून घालतात, आणि नेमकं तेच अंगाशी येतं. तुमच्या कॅप्सूलचं लेबल बघा, पाइपरीन (म्हणजे मिऱ्यातलं द्रव्य) लिहिलेलं असेल तर मिस्टरांची यकृताची तपासणी एकदा करून घ्या.

चीनमधल्या शानदोंग प्रांतातल्या लिंचू या तालुक्यातला अभ्यास मला वनौषधींच्या बाजूने सगळ्यात मोलाचा वाटतो. १९९५ मध्ये तीन हजारांहून जास्त लोकांना घेतलं. काहींना दोन आठवडे जंतूचा उपचार, काहींना सात वर्षांहून जास्त काळ लसणाचा अर्क. २२ वर्षांनी हिशेब केला तेव्हा जंतूचा उपचार मिळालेल्यांत जठराचा कर्करोग कमी झाला होता. आणि लसूण घेतलेल्यांतही त्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होते. म्हणजे जो लसूण जेवणात घालून जंतूला हात लावू शकला नाही, त्यानेही वर्षानुवर्षं काहीतरी भलं केलं. वनस्पतीला जंतूनाशकाच्या मापाने मोजतो तिथेच बहुधा आपलं चुकतं.

मुलांबद्दल: त्यांना पोटदुखी, रक्ताची कमतरता, वजन न वाढणं असं काही नसेल तर तपासणीही नको, औषधही नको. लक्षणं असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला स्वतःला अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर मिस्टरांबरोबर तुमचीही फुंकरीची तपासणी करून घेतलेली बरी.

मिस्टरांना काळं शौच (बिस्मथ चालू नसताना), रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा वजन घटणं यातलं काही दिसलं तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. नाहीतर तपासणीला जाताना कॅप्सूलची रिकामी बाटली बरोबर घ्या, आणि शेवटची कॅप्सूल कुठल्या तारखेला घेतली ते त्यावर पेनाने लिहून ठेवा.